आत्या, त्या एका ओळीपाशी तू का थांबायचीस?

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू परळला, मी फणसवाडीत. ट्राममध्ये बसलो की तासाभरात तुझ्यासमोर! मग पत्र लिहायचं कशाला? आता तू आहेस तिथवर ट्राम जात नाही.

आपलं राज्य झालं, आत्या. मुंबईसह! गिरगावात अजून तोरणं उतरलेली नाहीत. काल संध्याकाळी वाडीत पोरं नाचत होती, शेजारपाजारचे लोक पेढे घेऊन येत होते. माझ्या मांडीतली गोळी आठवून जो तो मलाच दोन पेढे जास्त देत होता. अण्णा मात्र गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी पेढा पुढे केला तर त्यांनी तो हातात धरून ठेवला आणि विचारलं,

"विनू, यमूनं मला खरंच माफ केलं होतं का रे? तोंडानं कधी म्हणाली नाही."

आहे का याचं उत्तर तुझ्याजवळ, आत्या? म्हणून हे लिहितोय.

तुझ्याबद्दल मला पहिल्यापासून कुतूहलच वाटत आलं. तू आहेस हेसुद्धा माहीत नव्हतं तेव्हापासून! लहानपणी भाऊबीजेला वाडीतल्या सगळ्या घरांतून ओवाळण्याची गडबड असायची आणि आमचे अण्णा सकाळीच चपला घालून कुठेतरी निघून जायचे. एकदा मी आईला विचारलं, "अण्णांना बहीण नाही का गं?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "होती. गेली."

मला वाटलं, वारली. आईलाही मी तसंच समजावं असं वाटत असणार. घरानं तुझ्या नावानं आंघोळ करून टाकली होती आणि तू तिकडे परळच्या इस्पितळात लोकांचे ताप मोजत होतीस, हे मला कोण सांगणार?

मग ती चळवळीची वर्षं आली. मी कॉलेजात होतो. लालबागच्या एका मित्राबरोबर मोर्च्यात गेलो होतो, नाक्यावर गोळीबार झाला आणि माझा पाय अचानक माझा राहिला नाही. गिरणीतल्या दोघातिघांनी मला हातगाडीवर घालून तुमच्या इस्पितळात आणलं. शुद्धीवर आलो तर समोर पांढऱ्या पातळातली, करड्या केसांचा भलाथोरला अंबाडा घातलेली एक बाई.

"नाव सांग."

मी सांगितलं. वडिलांचं सांगितलं. राहायला फणसवाडी, गाव राजापूरजवळ, तेही सांगितलं.

"आजोबांचं नाव?"

आत्या, आजोबांचं नाव कुठल्या इस्पितळात विचारतात गं? मला तेव्हाही नवल वाटलं होतं. मी नाव सांगितलं तशी तू दुसऱ्या नर्सला म्हणालीस, "याचं तू बघ जरा," आणि कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिलीस. काय चाललं होतं तुझ्या मनात? मला दुसऱ्या वॉर्डात पाठवून द्यावं असं वाटलं होतं का? वाटलं असलं तरी मला राग नाही. फक्त जाणून घ्यायचंय.

कारण परत आलीस ती थेट माझ्याच खाटेशी. "पाय हलवायचा नाही. हलवलास तर बांधून ठेवीन." हे तुझं मला उद्देशून पहिलं प्रेमाचं वाक्य!

सगळा वॉर्ड तुला मार्था सिस्टर म्हणायचा आणि टरकून असायचा. मी मात्र तुझ्याकडे बघत बसायचो. तू माझ्याशी जे बोलायचीस ते कुठल्याच पेशंटशी बोलत नव्हतीस. "घरी आमसुलाचं सार करतात का रे अजून?" "गणपतीला गावाला जाता का?" आणि एक दिवस उशीचा अभ्रा बदलता बदलता, "तुझ्या वडिलांची तपकीर सुटली की नाही?"

"तुम्हाला काय माहीत, अण्णा तपकीर ओढतात ते?"

तू क्षणभरही अडखळली नाहीस. "फणसवाडीतले सगळे कारकून ओढतात."

आणि मी विश्वास ठेवला!

अण्णा रोज भेटीच्या वेळेला डबा घेऊन यायचे. त्या वेळेला तू कधीच वॉर्डात नसायचीस. पण संचारबंदी उठली त्या दिवशी ते वेळेआधीच आले. तू माझ्या मांडीवरची पट्टी बदलत होतीस. पाठमोरी होतीस, तरी अण्णा दारातच थबकले. कशावरून ओळखलं त्यांनी तुला, पाठीवरून? त्यांनी तुला शेवटचं पाहिलं होतं ते इतक्या वर्षांपूर्वी.

"यमू," ते म्हणाले.

तू वळून पाहिलंस. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "पेशंटला फार बोलायला लावू नका," म्हणालीस आणि पट्टीचा ट्रे उचलून निघून गेलीस. अण्णा डबा स्टुलावर ठेवून मागच्या मागे गेले. मी दोघांच्या पाठी बघत राहिलो. पुढे कितीतरी दिवस अण्णा फिरकले नाहीत. डबा घेऊन आई यायला लागली, आणि तिनंच एका दुपारी, आवाज खाली करून, मला सगळं सांगितलं.

लग्न झालं तेव्हा तू दहा-अकरा वर्षांची होतीस. इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला. केस काढले, लाल आलवण आलं, आणि फणसवाडीतल्या त्या दोन खोल्यांतली चुलीजवळची जागा तुझी झाली. विषमज्वर होऊन तू मरायला टेकलीस तेव्हा घरातल्यांनी तुला एका मिशनच्या दवाखान्यात ठेवलं, ते आशा सोडूनच. तिथे तू वाचलीस. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुला अक्षर शिकवलं, केस वाढू दिले. तू घरी परत आलीच नाहीस. बाप्तिस्मा घेतलास, यमूची मार्था झालीस, आणि घरानं आंघोळ केली.

इथवर ऐकून मी म्हणालो, "बरं झालं वाचली!" आई म्हणाली, "पुढचं ऐक." आजी शेवटच्या दुखण्यात होती. कुणाकडून तरी कळून तू आलीस. तेव्हा आई नवी नवरी होती, ती आत उभी राहून बघत होती. अण्णांनी दार उघडलं, तुला पाहिलं आणि मिटून घेतलं. तू गेल्यावर तू उभी होतीस त्या फरशीवर पाणी ओतलं. आजी दुसऱ्या दिवशी गेली.

आत्या, हे ऐकल्यावर मला तुझ्याकडे बघवेना. तू सकाळी थर्मामीटर घेऊन आलीस आणि मी एकदम "आत्या" म्हणालो. तू थर्मामीटर माझ्या तोंडात खुपसलास. "तोंड बंद," म्हणालीस. मग खाटेच्या कडेवर बसलीस, जे तू कधी करायची नाहीस, आणि डोळे पुसलेस.

त्यानंतर मी तुला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, नाही का? कुबड्या घेऊन व्हरांड्यात चालायला शिकवायचीस तेव्हा दर फेरीला एक प्रश्न. "तुला राग येत नाही अण्णांचा?"

"यायचा तर! किती वर्षं आला. ठाकूरद्वारला काम असलं तरी मी फणसवाडी टाळून लांबच्या रस्त्यानं जायची. पाय सरळ टाक."

"मग आता?"

तेव्हा तू मला ती चर्चची गोष्ट सांगितलीस. प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात. त्यात एक ओळ आहे, ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांना आपण जशी क्षमा केली तशी देवानं आपल्याला करावी, अशी. तिथे आलीस की तू तोंड मिटून घ्यायचीस. दर रविवारी. सलोमीबाई, तुझ्या खोलीतल्या सोबतीण, शेजारी उभ्या असायच्या. त्यांनी एकदा विचारलं, "मार्था, तू मध्येच काय गिळतेस गं?"

तू म्हणालीस, "ही ओळ माझ्याच्यानं म्हणवत नाही. खोटं कशाला बोलू?"

"मग बोलू नकोस. पण म्हणवत नाही एवढं तरी त्याला सांग."

आणि तू वर्षानुवर्षं तेवढंच सांगत राहिलीस. म्हणवत नाही, प्रभू. म्हणवत नाही. याला प्रार्थना म्हणतात का, आत्या? मी विचारलं होतं तर तू म्हणालीस, "मला तर तीच खरी वाटायची. बाकीच्या पाठ होत्या."

"मग म्हणता कधी आलं?"

तू मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलंस. रत्नागिरीकडची एक म्हातारी तुझ्या वॉर्डात होती. शेवट जवळ आलेला. सारखी लेकीला हाक मारायची, "गोदे, आलीस का गं?" लेक गावाला, कुणी येण्यासारखं नव्हतं. सकाळपासून हाका ऐकून ऐकून तू शेवटी तिच्या उशाशी बसलीस आणि म्हणालीस, "आले गं आई." म्हातारीनं तुझा हात हातात घेतला, डोक्यावरून हात फिरवला, वाढलेल्या केसांवरून, आणि शांत झाली. डोळे मिटेपर्यंत तू तिथून उठली नाहीस.

"माझ्या आईजवळ मला बसू दिलं नव्हतं," तू म्हणालीस. "ते देवानं मला असं दिलं. मला वाटलं, आता कुणाकडे काय मागायचं? पुढच्या रविवारी ओळ आली. आपोआप आली. मीच दचकले."

मला रडू आवरेना. तू लगेच म्हणालीस, "रडायला काय झालं? ऊठ, अजून दोन फेऱ्या राहिल्यात. आणि एकदा सोडलं म्हणजे सुटलं असं समजू नकोस हं. केसांचा गुंता काल सोडवला म्हणून आज होत नाही का?" तुझ्या धोब्यानं त्याच आठवड्यात तुझं पातळ जाळलं होतं. "शत्रूंवर प्रीती करायला सांगितलंय प्रभूनं," तू म्हणालीस, "धोब्याबद्दल काही म्हटलेलं नाही!"

आणि मग अण्णा आले.

भेटीच्या वेळेला नाही, भर दुपारी, कचेरीतून. वॉर्डात शिरले नाहीत. व्हरांड्यात जिन्याजवळ उभे राहिले. मला खाटेवरून दारातून दिसत होते. तू दोन स्टुलं घेऊन गेलीस. बसलात. तू काहीतरी विचारलंस. एवढंसंच. अण्णांनी मांडीवरचं उपरणं उलगडलं, पुन्हा घडी केली. ते बोलले, आणि तू जिथे होतीस तिथेच थिजलीस. अण्णांनी उपरण्यात तोंड झाकलं. मग तू उठून आत आलीस, स्वतःच्या पेल्यात पाणी घेतलंस आणि त्यांना नेऊन दिलंस. परक्याच्या हातचं पाणी न पिणारे आमचे अण्णा, ते पाणी गटागटा प्यायले.

काय विचारलंस? किती वर्षं मला हे हवं होतं! तुला विचारलं तर "आमच्या घरचं" म्हणून उडवून लावायचीस. तुमच्या घरचं! आणि मी कुठला?

काल गॅलरीत अण्णांनी सांगितलं. "तिनं विचारलं, आई शेवटी काही बोलली का. मी खोटं बोलू शकलो असतो, विनू. तिनं पाणी आणेपर्यंत मला वाटत होतं, खोटंच बोलायला हवं होतं. पण मी सांगितलं. आई सारखी विचारत होती, यमू आली का? दारावर कोण आलं होतं? यमू का? मी म्हणालो, कुणी नाही."

आत्या!

म्हणजे तिकडे म्हातारी गोदेला हाका मारत होती तशीच आजी तुला मारत होती. तू त्या म्हातारीची हाक ऐकून सारं सोडून दिलंस, तेव्हा हे तुला ठाऊक नव्हतं. अण्णांनी व्हरांड्यात सांगितल्यावर ठाऊक झालं. दाराच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला आजी, आणि मधे "कुणी नाही" म्हणणारे अण्णा. मग काय झालं गं तुझं? सुटलेलं सगळं पुन्हा येऊन बसलं का छातीवर?

हेच मी आज सकाळी सलोमीबाईंना जाऊन विचारलं. हो, पुन्हा माझी चौकशी! त्या नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये एकट्याच होत्या, तुझ्या कॉटवर अजून चादर घातलेली आहे. त्यांनी मला आधी चहा दिला. मग म्हणाल्या, "तुला सांगायला हरकत नाही. त्या आठवड्यात मार्था रोज ड्यूटीआधी चर्चला जाऊन नुसती बसायची. आणि रविवारी परत तोंड मिटलं तिनं. त्या ओळीला."

"किती दिवस?"

"पुष्कळ. पावसाळा गेला, दिवाळी गेली. सांगायची मला, सलोमी, पुन्हा पहिल्यापासून गं. पण या वेळी रस्ता ओळखीचा आहे."

दिवाळी गेली! आत्या, त्याच दिवाळीत तू आमच्याकडे आली होतीस ना! अण्णा स्वतः बोलवायला आले होते. भाऊबीजेला ये म्हणाले. तू म्हणाली होतीस, "ओवाळणं मला आता जमायचं नाही, अण्णा. मी जेवायला येईन." त्यांना ते लागलं होतं. घरी येऊन आईला म्हणाले, "भाऊबीजेला ओवाळायचं नाही म्हणते." आई म्हणाली, "येतेय ना? मग पान मांडा."

तू आलीस. मोतिया रंगाचं पातळ नेसून, दाराशी उभी राहिलीस. मी तुझ्या पायांकडे बघत होतो, त्या फरशीवर थांबतेस की काय म्हणून. थांबलीस. चपला काढल्यास, आणि आत आलीस. समोरच्या खोलीतल्या काकू मुद्दाम डोकावून विचारायला आल्या, "पाहुण्या कोण म्हणायच्या?" अण्णा वाढता वाढता थांबले. "माझी बहीण," म्हणाले. "परळला असते." आणि तुझ्या पानात अनरसा वाढला. काकू उंबऱ्याशीच राहिल्या. तू अनरसा खाऊन म्हणालीस, "पीठ थोडं कमी आंबलंय, वहिनी." आई हसत सुटली.

ते सगळं तू केलंस तेव्हा तुझ्याच्यानं ती ओळ म्हणवत नव्हती! हे मला आज कळलं. आम्ही समजत होतो की तू माफ केलंस म्हणून आलीस. तू तर आधीच आलीस, माफ करता यायच्या आधी. असं करता येतं का? मन मागे राहिलेलं असताना पाय पुढे टाकता येतात? तुझा प्रभू हे शिकवतो की हे तुझं तूच काढलंस? विचारायला हवं होतं. मी मात्र अनरसे मोजून खात बसलो होतो.

त्या नाताळला तू मला तुमच्या चर्चमध्ये नेलंस. मी शेवटच्या बाकावर, कुबडी भिंतीला टेकवून. प्रार्थना सुरू झाली तसे माझे कान टवकारले. ओळ जवळ आली. सगळे म्हणाले. तुझा आवाज मला वेगळा ओळखू येत होता, कारण तू सगळ्यांच्या मागून, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखा म्हणत होतीस. बाकीचे पुढच्या ओळीवर गेले तरी तू त्याच ओळीवर होतीस. पूर्ण केलीस, मग त्यांना गाठलंस. मला वाटलं होतं, वयामुळे मागे पडतेस! सलोमीबाई म्हणाल्या, दुसऱ्यांदा तोंड उघडलं ते त्याच दिवशी.

त्या दिवशी बाहेर आल्यावर तू मला केक दिलास आणि म्हणालीस, "अण्णाला थोडा ने. अंडं घातलंय ते सांगू नकोस." मी सांगितलं. त्यांनी खाल्ला.

मला तुझ्यावर रागवायचंही आहे थोडं. छातीत दुखतंय हे तू कुणाला सांगितलं नाहीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीला कान लावणारी बाई! गेल्या हिवाळ्यात मी आलो होतो तेव्हा दोन जिने चढून तू कठड्याला धरून उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "वारा छान आहे, नाही?" वाऱ्याचा मागमूस नव्हता. मला तेव्हा नाही सुचला एकही प्रश्न. बाकी वेळी हजार!

शिवडीच्या दफनभूमीत तुला नेलं त्या दिवशी अण्णांना ताप होता, ते आले नव्हते. त्यांना ते डाचतंय. आज दुपारी मी सलोमीबाईंकडून परत आलो तर ते दाराशीच उभे. "कळलं का काही?" मी म्हणालो, "कळलं थोडं. पण ते मी सांगणार नाही, अण्णा. तुमचं तुम्हीच तिला विचारा."

त्यांना मी चिडवतोय असं वाटलं. मग म्हणाले, "तिथे काय न्यायचं असतं? फुलं चालतात? दिवा? मी काही चुकीचं केलं तर कुणी हटकेल का?"

"काही न्यायचं नसतं. उभं राहायचं आणि बोलायचं."

"मराठीत?"

आत्या, मला हसूच आलं. "तिला दुसरी कुठली भाषा येत होती, अण्णा?"

तर येत्या रविवारी, चर्च सुटल्यावर, सलोमीबाईंना बरोबर घेऊन मी अण्णांना तुझ्याकडे आणतोय. ते सावकाश चालतील. तिथे पोचल्यावर कदाचित एक शब्दही बोलणार नाहीत. रागावू नकोस. आणि बोललेच तर तू काय म्हणालीस, त्यांना काय ऐकू आलं, हे मला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त जाणून घ्यायचं असेल. तरी तुला वचन देतो. मी सलोमीबाईंबरोबर फाटकाशी थांबेन. कान देणार नाही. आणि परतताना अण्णांना काही विचारणार नाही.

तुझा,
विनू